धूमकेतू, कृत्तिका आणि सोसायटीची गच्ची

१६ डिसेंबर २०१८ च्या रात्री ४६पी/विर्टानेन हा धूमकेतू पृथ्वीपासून सुमारे १ कोटी १६ लाख किलोमीटरवर होता. चंद्राच्या साधारण तीसपट अंतर. धूमकेतूंच्या हिशेबात याला शेजारच्या फ्लॅटमध्ये असणं म्हणतात. तो कृत्तिका आणि रोहिणी यांच्या मधून चालला होता. दोन्ही नक्षत्रं मुंबईत डिसेंबरच्या रात्री जवळजवळ डोक्यावर येतात. मी मुलुंडमध्ये आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला पाठ टेकून बसलो होतो आणि मला तो काही केल्या दिसत नव्हता. बायनॉक्युलरमधून ‘इथे काहीतरी धुरकट आहे बहुतेक’ इतपत. कॅमेऱ्यात मात्र तो आला होता. दोनशे फ्रेम एकावर एक रचल्यावर कापसाच्या बोळ्यासारखा फिकट हिरवा गोळा स्क्रीनवर उमटला. तारे मात्र सगळे वाटाण्याएवढे. फोकस मध्येच कधीतरी सरकला होता आणि मी तो पुन्हा पाहिलाच नव्हता.

त्या फसलेल्या रात्रीपासून माझं एक मत ठाम झालं आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशा ठिकाणी राहून धूमकेतूचा फोटो घ्यायचा असेल, तर तो एखाद्या तारकागुच्छाजवळून जाईल ती तारीख धरावी. गुच्छामुळे चित्र देखणं होतं हे खरं, पण ती दुय्यम गोष्ट. धूमकेतू शोधणं, फोकस लावणं, रंग तपासणं, दव आलं का ते ओळखणं ही चारही कामं गुच्छ करून देतो. उजळलेल्या आकाशात एकटा धूमकेतू शोधणं म्हणजे दादर स्टेशनवर संध्याकाळी सहा वाजता ‘निळा शर्ट घातलाय’ एवढ्या खुणेवर माणूस शोधणं.

अशी संधी किती वेळा येते? वाटते त्याहून जास्त. कृत्तिका, रोहिणीचा गुच्छ, पुष्य नक्षत्रातला गुच्छ हे सगळे क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेच्या, आसपास आहेत आणि बरेचसे लहान कालावधीचे धूमकेतू त्याच पट्ट्यातून ये-जा करतात. लांबून येणारे धूमकेतू कुठूनही येतात, पण त्यांची वाटही हा पट्टा कुठेतरी ओलांडते. जानेवारी २००५ मध्ये मॅकहोल्झ धूमकेतू कृत्तिकेपासून दोनेक अंशांवरून गेला. जानेवारी २०१५ मध्ये लव्हजॉय कृत्तिकेच्या पश्चिमेकडून आठेक अंशांवरून गेला. डिसेंबर २०१८ मध्ये विर्टानेन. १४ फेब्रुवारी २०२३ ला झेडटीएफ रोहिणीच्या ताऱ्यापासून दीडेक अंशावर होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलास संध्याकाळच्या पश्चिमेला एम ५ या गोलाकार गुच्छाजवळून गेला. जुलै २०२० मध्ये निओवाइज आला तेव्हा आपल्याकडे पावसाळा होता, त्याबद्दल बोलायलाच नको.

अंशांचा अंदाज नसेल तर हात लांब करून करंगळी आकाशावर धरा. तिची रुंदी साधारण एक अंश आणि आवळलेल्या मुठीची दहा. पौर्णिमेचा चंद्र अर्धाच अंश असतो. कृत्तिकेचा पुंजका दोन करंगळ्यांमागे लपेल एवढा, सुमारे दोन अंशांचा.

आधी आकडा समजून घ्या

धूमकेतूची बातमी आली की त्याची प्रत दिलेली असते, ‘चौथ्या प्रतीचा’, ‘सहाव्या प्रतीचा’ अशी. चौथ्या प्रतीचा तारा उपनगरातून कसाबसा का होईना दिसतो, मग चौथ्या प्रतीचा धूमकेतू का दिसत नाही? कारण धूमकेतूची प्रत त्याच्या सगळ्या उजेडाची बेरीज असते. चमचाभर साखर कपभर चहात घातली तर गोड लागते, तीच बादलीभर पाण्यात घातली तर कळतही नाही. विर्टानेनचं शीर्ष चंद्रबिंबापेक्षा मोठ्या जागेत पसरलं होतं. तेवढा उजेड तेवढ्या जागेत आणि मागे मुंबईचं दुधाळ आकाश. आकाशाचा काळोख मोजायची बॉर्टल नावाची नऊ पायऱ्यांची पट्टी आहे. पहिली पायरी सर्वांत काळोखी, नववी शहराचा गाभा. आपली उपनगरं आठ-नऊमध्ये मोडतात.

म्हणून अपेक्षा आधीच ठरवून घ्या. गच्चीवरून तुम्हाला धूमकेतूचं शीर्ष मिळेल, त्याचा हिरवा रंग मिळेल, गुच्छाशेजारी त्याची जागा मिळेल. लांबलचक शेपटी मिळणार नाही. शेपटी हवी तर कर्जत लोकल पकडा. त्याबद्दल पुढे.

हा हिरवा रंग कार्बनच्या दोन अणूंच्या रेणूचा. सूर्याच्या अतिनील किरणांनी तो चेततो आणि ५१५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश सोडतो. हा आकडा लक्षात ठेवला तर पैसे वाचतात. ‘नेब्युला फिल्टर लावा, शहरातही सगळं दिसतं’ असं दुकानदार सांगतात. बहुतेक नेब्युला फिल्टर ऑक्सिजनचा ५०१ नॅनोमीटरचा प्रकाश आत घेतात आणि त्याच्या लगेच पलीकडे दार लावतात. म्हणजे आपला धूमकेतूच दाराबाहेर. पिवळे सोडियम दिवे होते तेव्हा प्रकाशप्रदूषणाचे फिल्टर बऱ्यापैकी चालत, कारण सोडियमचा उजेड एका चिंचोळ्या पट्टीत असतो. आताचे पांढरे एलईडी सगळ्या रंगांत पसरलेले असतात, त्यांना गाळता येत नाही. फिल्टरचे पैसे ट्रायपॉडवर घाला.

कोणी कुठून बघायचं

मुंबईत आकाशाचा सर्वांत चांगला तुकडा डोक्यावरचा. क्षितिजाकडे नजर खाली नेली की धूळ आणि उजेड दोन्ही दाट होतात. कृत्तिकेची क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, सुमारे २४ अंश उत्तर आणि आपला अक्षांश १९, त्यामुळे ती मध्यावर येते तेव्हा डोक्यापासून पाचच अंश उत्तरेला असते. डिसेंबरच्या मध्याला ही वेळ रात्री पावणेअकराच्या सुमाराची, जानेवारीच्या मध्याला पावणेनऊची. युरोपातल्या निरीक्षकाला हे सुख नाही. अंधेरीत चारी बाजूंना टॉवर असले तरी डोक्यावरचं आकाश कोणी बांधकामाला दिलेलं नाही.

धूमकेतू खाली असेल तर पत्ता महत्त्वाचा ठरतो. बोरिवली पूर्व आणि मुलुंड पश्चिम यांच्या मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे शंभराहून अधिक चौरस किलोमीटर पसरले आहेत. बोरिवली पूर्वेच्या गच्चीवरून पहाटेचा, पूर्वेचा धूमकेतू त्या काळोख्या जंगलावर येतो. मुलुंड पश्चिमेला हेच उलट, संध्याकाळचं पश्चिमेचं आकाश त्यांना काळं मिळतं. मात्र डोंगर खालचे काही अंश गिळतो, म्हणून सूर्यास्तानंतर लगेच मावळणाऱ्या धूमकेतूसाठी मुलुंडकरांनी वर्सोवा, मढ किंवा गोराईचा समुद्र गाठलेला बरा. मुलुंडच्या मिठागरांकडची बाजू पूर्वेला मोकळी आहे. घाटकोपरची अडचण वेगळी. पूर्वेकडून विमानतळावर उतरणाऱ्या विमानांची वाट घाटकोपरवरून जाते आणि दर काही मिनिटांनी फ्रेममध्ये दिव्यांची रेघ येते. घाबरू नका. छोट्या छोट्या शेकडो फ्रेम घेणाऱ्याला विमानाची फ्रेम फेकून देता येते. एकच लांब फ्रेम घेणाऱ्याचं मात्र सगळंच जातं.

आणि हो, काळोख आहे म्हणून रात्री उद्यानात शिरू नका. ते बंद असतं आणि तिथले बिबटे खरे आहेत.

चंद्राचं गणित प्रत्येक वेळी करा. कृत्तिका क्रांतिवृत्तापासून चारच अंशांवर असल्यामुळे चंद्र दर महिन्याला तिच्या शेजारून जातो, कधीकधी तिच्या तारकांचं पिधानही करतो. २०१८ मध्ये विर्टानेन सर्वांत जवळ आला तेव्हा शुक्ल अष्टमीच्या आसपासचा चंद्र होता आणि तो मावळेपर्यंत मध्यरात्र उलटत होती. संध्याकाळी सात ते दहा फोटो काढून, जेवून झोपलेल्यांना फक्त चांदणं मिळालं. उलट फेब्रुवारी २०२३ मध्ये झेडटीएफ रोहिणीशी आला तेव्हा कृष्णपक्ष होता. संध्याकाळचं आकाश मोकळं होतं आणि धूमकेतू सहाव्या प्रतीच्याही खाली गेलेला असून कॅमेऱ्यात तो सहज आला. तारीख एखाद्या दिवसाने मागे-पुढे झाली तरी चालेल, चंद्र चालणार नाही.

हवेचंही असंच. थंडीत आकाश निरभ्र दिसतं, पण धूळ खालीच कोंडलेली असते. उत्तरेचा वारा सुटून आदल्या दिवसाचा धुरका धुऊन निघाला की ती रात्र सोडू नये. दुपारी आकाश माथ्यावर निळं आहे की पांढुरकं, एवढं पाहिलं तरी रात्रीचा अंदाज येतो.

सामान आणि बसण्याची तयारी

कोणताही डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा, ५० मिलिमीटर एफ १.८ चं स्वस्त भिंग, हलणार नाही असा ट्रायपॉड, वेळ लावून ओळीने फोटो काढणारा रिमोट आणि दोन बॅटऱ्या. एवढ्यावर काम होतं. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटर भिंग साधारण २७ गुणिले १८ अंशांचं आकाश घेतं, ८५ चं भिंग १६ गुणिले १०, २०० चं सुमारे पावणेसात गुणिले साडेचार. लव्हजॉय आणि कृत्तिका यांच्यात आठ अंश होते, तिथे ८५ पुरेसं. मॅकहोल्झ दोन अंशांवर होता, तिथे २०० ने चित्र भरलं असतं. भिंग दोघांमधल्या अंतरावरून निवडा, हौसेवरून नको. माझ्या अनुभवात पहिल्यांदा करणारा माणूस नेहमी फार लांबचं भिंग लावतो आणि मग तासभर धूमकेतूच सापडत नाही.

नुसता मोबाइल असेल तर ट्रायपॉडवर लावून नाइट मोडमध्ये प्रयत्न करा. कृत्तिकेचा ठिपका येईल, चांगला तेजस्वी धूमकेतू असेल तर तोही येईल. पण अर्ध्या रात्रीची तयारी करायची तर कोणाकडून तरी कॅमेरा मागून आणा.

तारे सरकत राहतात म्हणून ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र, घ्यावा का? ट्रॅकरला ध्रुवाकडे तोंड करून ठेवावं लागतं आणि मुंबईत ध्रुवतारा क्षितिजापासून एकोणीसच अंश वर असतो, म्हणजे धुरक्यात आणि बहुधा समोरच्या विंगच्या मागे. होकायंत्राने उत्तर काढता येते. मुंबईत चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत जेमतेम फरक आहे. पण गच्चीच्या स्लॅबमधल्या सळया सुईला फिरवतात. मी गच्चीच्या दोन कोपऱ्यांत दोन उत्तर दिशा पाहिल्या आहेत. पहिल्या धूमकेतूला ट्रॅकरशिवायच भिडा.

गच्चीची किल्ली दिवसा मागा. रात्री साडेदहाला सेक्रेटरींच्या दाराची बेल वाजवून ‘धूमकेतू बघायचाय’ म्हणणाऱ्या माणसाबद्दल सोसायटीत जे मत होतं ते टिकून राहतं. वॉचमनला सांगून ठेवा, नाहीतर टॉर्च घेऊन तो नेमक्या चांगल्या फ्रेमच्या वेळी वर येतो. आपल्या टॉर्चला लाल जिलेटिन कागद गुंडाळा. कॅमेरा एसीच्या खोलीतून थेट गच्चीवर नेऊ नका. दमट हवेत काच लगेच धुकते. अर्धा तास आधी बॅगेतच बाहेर ठेवा. कठड्याच्या आडोशाला वारा कमी लागतो, पण कठड्यावर ट्रायपॉड ठेवू नका आणि टाकीवर चढू नका. सतरंजी न्या. डोक्यावरच्या आकाशाचे फोटो काढताना मान दहा मिनिटांत उत्तर देते, आडवं पडूनच हे काम करायचं आहे.

कृत्तिकेला कामाला लावा

गच्चीवर गेल्यावर आधी धूमकेतू शोधू नका. आधी कृत्तिका शोधा. मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे वायव्येकडे वाढवले की तांबूस रोहिणी आणि तीच रेघ आणखी पुढे नेली की कृत्तिका. उपनगरातून सहापैकी दोन-तीन तारका दिसल्या तरी नशीब. आपल्याकडच्या परंपरेत कृत्तिका सहा, कार्तिकेयाच्या माता. तैत्तिरीय परंपरा मात्र सात नावं देते आणि त्यांत अभ्रयंती, मेघयंती, वर्षयंती अशी तीन ढगापावसाची नावं आहेत. मुंबईत फोटो काढणाऱ्याला ही नावं ठेवण्यामागची भावना चटकन समजते.

कृत्तिका फ्रेमच्या मधोमध घ्या, लाइव्ह व्ह्यू चालू करा, दहापट मोठं करा आणि फोकस हाताने लावा. ऑटोफोकस बंद, भिंगातलं कंपन-नियंत्रण बंद. सर्वांत तेजस्वी तारा लहानात लहान ठिपका होईपर्यंत रिंग पुढे-मागे करा. मग परीक्षा घ्या. गुच्छाच्या पूर्वेच्या टोकाला ॲटलास आणि प्लायोनी अशा दोन तारका आहेत, एकमेकींपासून पाच कलांवर (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). एक फोटो काढून मोठा करून बघा. ५० च्या भिंगातूनही त्या दोन स्वच्छ, वेगळ्या दिसल्या पाहिजेत. एक लांबट डाग दिसला तर फोकस चुकला. जमल्यावर रिंगला कागदी चिकटपट्टी लावा. ती पट्टी मी २०१८ मध्ये लावली नव्हती.

आता तारे न पळता किती सेकंदांची फ्रेम घेता येते ते ठरवा. जुना ठोकताळा असा: ५०० ला भिंगाच्या मिलिमीटरने भागा, सेन्सर लहान असेल तर आणखी दीडने. ५० च्या भिंगाला पावणेसात सेकंद येतात. आजच्या बारीक पिक्सेलच्या सेन्सरला हा ठोकताळा सैल पडतो. मी ५० ला चार सेकंद, ८५ ला अडीच, १३५ ला दीड घेतो. एफ १.८ चं भिंग २.८ पर्यंत बंद करा, नाहीतर कोपऱ्यातले तारे उडत्या पाखरांसारखे दिसतात. आयएसओ ८०० ते १६००. फाइल रॉ. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करा, ते प्रत्येक फ्रेमनंतर तेवढाच वेळ खातं. एक फ्रेम काढून हिस्टोग्राम बघा. उंचवटा डावीकडच्या तिसऱ्या हिश्शापाशी असावा. मधोमध आला तर आकाशच जास्त भरलं, आयएसओ खाली आणा.

धूमकेतू त्या दिवशी गुच्छाच्या कुठल्या बाजूला, किती अंशांवर आहे ते स्टेलॅरियमसारख्या मोफत नकाशात आधीच बघून कागदावर काढून ठेवा. नकाशात धूमकेतूंची ताजी माहिती भरून घ्यावी लागते, ती नसली तर नकाशा आत्मविश्वासाने चुकीची जागा दाखवतो. मग कृत्तिकेपासून मोजत तिथे जा. पहिल्या फ्रेममध्येच, मोठं करून पाहिल्यावर, तारे टोकदार आणि एक ठिपका मात्र पुसट, कडा नसलेला असं दिसलं की तोच.

फ्रेम लावताना तारे पश्चिमेकडे सरकणार हे धरून चाला. कृत्तिका साडेचार मिनिटांत सुमारे एक अंश सरकते. ८५ च्या भिंगात जोडी थोडी पूर्वेच्या कडेला धरली तर पंधरा-वीस मिनिटं हात लावावा लागत नाही. २०० च्या भिंगात मात्र दर सात-आठ मिनिटांनी पुन्हा मध्यावर आणा. प्रत्येक वेळी हलवल्यावर फोकसही बघा.

किती फ्रेम? शंभर एकत्र केल्या तर एका फ्रेमपेक्षा कुरकुर, म्हणजे नॉइज, दहावा हिस्सा राहते, चारशे केल्या तर विसावा. म्हणजे दुप्पट फायद्यासाठी चौपट मेहनत. उपनगरातून मी तीनशेच्या खाली थांबत नाही. चार सेकंदांच्या तीनशे फ्रेम म्हणजे वीस मिनिटं, मध्ये चहाला वेळ मिळतो. चहा पिऊन आल्यावर कृत्तिकेच्या तारकांभोवती वलय दिसायला लागलं असेल तर भिंगावर दव बसतंय. कृत्तिकेभोवती खरी निळी अभ्रिका आहे, पण ती गच्चीवरून इतक्या सहज दिसत नाही. शेजारच्या इतर ताऱ्यांनाही तसंच वलय असेल तर ते नक्कीच दव किंवा धुरका. यूएसबीवर चालणारी ऊब देणारी पट्टी भिंगाला गुंडाळतात. ती नसेल तर भिंगावर कागदाची लांब नळी लावली तरी दव लांबतं.

शेवटी दोन कंटाळवाण्या गोष्टी, ज्या सगळे टाळतात. भिंगाला झाकण लावून त्याच आयएसओला, तेवढ्याच सेकंदांच्या वीस-तीस काळ्या फ्रेम तिथेच, त्याच थंडाव्यात काढा. आणि फोकस न हलवता भिंगावर पांढरा बनियन ताणून, लॅपटॉपची पांढरी स्क्रीन समोर धरून वीस फ्रेम काढा. या दुसऱ्या फ्रेमनी भिंगाच्या कडेचा काळोख आणि सेन्सरवरची धूळ वजा होते. काळोख्या गावात यांच्याशिवाय चालून जाईल, मुंबईत नाही. आकाशच इतकं उजळ असतं की प्रत्येक डाग त्यावर उठून दिसतो.

घरी आल्यावर

इथे धूमकेतू आपला खोडकरपणा दाखवतो. तारे एकमेकांच्या संदर्भात जागचे हलत नाहीत, धूमकेतू हलतो. विर्टानेन त्या दिवसांत रोज चारेक अंश सरकत होता, म्हणजे तासाला दहा कला. अर्ध्या तासात ५० च्या भिंगात तो सुमारे वीस पिक्सेल पुढे गेला, २०० मध्ये पंचाहत्तर. ताऱ्यांवर ताऱ्यांची फ्रेम बसवली तर धूमकेतूची रेघ होते. धूमकेतूवर धूमकेतू बसवला तर कृत्तिकेच्या रेघा होतात.

म्हणून दोनदा रचायचं. डीपस्कायस्टॅकर या मोफत प्रोग्रॅममध्ये धूमकेतूसाठी वेगळी सोय आहे. पहिल्या, शेवटच्या आणि आधाराच्या फ्रेममध्ये धूमकेतूच्या केंद्रावर खूण करा. मधल्या सगळ्या फ्रेममधली जागा तो वेळेवरून काढतो. फक्त ताऱ्यांवर, फक्त धूमकेतूवर किंवा दोन्ही जुळवून असे तीन पर्याय मिळतात. ‘वेळेवरून’ हा शब्द विसरू नका. रात्री मध्येच कॅमेऱ्याचं घड्याळ दुरुस्त केलं तर हिशेब कोसळतो. सिरिल हा दुसरा मोफत प्रोग्रॅम, तोही हे काम चांगलं करतो.

उजेडाचा उतार, म्हणजे एका कोपऱ्यात हायवेचा नारिंगी आणि दुसऱ्यात काळपट असं जे येतं ते, ग्रॅक्सपर्ट या प्रोग्रॅमने काढता येतं. नमुन्याचे ठिपके धूमकेतूपासून लांब ठेवा, नाहीतर तो शीर्षाचा पसारा आकाशच समजून पुसून टाकतो. पार्श्वभूमी ठार काळी करू नका. राखाडी ठेवा. काळ्यात सगळ्यात आधी धूमकेतूची कड बुडते.

रंग जुळवताना पुन्हा कृत्तिकेकडे बघा. तिच्या तेजस्वी तारका निळसर पांढऱ्या आहेत. तुमच्या फोटोत त्या पिवळट दिसत असतील तर अजून रस्त्यावरचा दिवा आत आहे. रोहिणीजवळचा धूमकेतू असेल तर तिचा तांबूसपणा हा कस. रोहिणी आपल्याला गुच्छातलीच वाटते, पण ती ६५ प्रकाशवर्षांवर आणि मागचा गुच्छ सुमारे दीडशे प्रकाशवर्षांवर. एका सापळ्यापासून मात्र सांभाळा. अवकाशाचे फोटो करणारे सवयीने ‘हिरवा नॉइज काढा’ हे बटण दाबतात, कारण बाकी आकाशात हिरवं असं फारसं काही नसतं. धूमकेतूच्या फोटोत ते बटण दाबलं की ज्यासाठी रात्र जागवली तेच जातं. मी अशा राखाडी झालेल्या धूमकेतूंची कितीतरी चित्रं पाहिली आहेत.

दोन रचना एकत्र केलेला फोटो कोणाला दाखवलात तर तसं सांगा. त्यात लपवण्यासारखं काही नाही. दुसरीकडच्या आकाशातला धूमकेतू आणून कृत्तिकेशेजारी चिकटवणं मात्र वेगळी गोष्ट, तिला फोटो म्हणू नये.

शेपटीसाठी

शेपटी हवी असेल तर कर्जतची दिशा. घाटकोपर, मुलुंडकरांना ही वाट सरळ आहे, अंधेरी-बोरिवलीकरांनी दादरला बदलावं. बदलापूरच्या पुढे वांगणी आणि नेरळचा परिसर मुंबईच्या हौशी निरीक्षकांच्या जुन्या ओळखीचा. हॅलेच्या धूमकेतूच्या हवेत, १९८५ मध्ये सुरू झालेल्या खगोल मंडळाच्या रात्रभराच्या आकाशदर्शनांनी वांगणीचं नाव घराघरात नेलं. तिथेही आता मुंबईकडचं क्षितिज उजळतं, तरी पूर्वेला आणि डोक्यावर गच्चीपेक्षा कितीतरी जास्त मिळतं. एकट्याने जाऊ नका, एखाद्या संस्थेच्या कार्यक्रमाला जा. शेतात बसायचं तर मालकाला विचारा, बूट घाला, गवतात हात घालताना टॉर्च लावा. पहाटे तीननंतर दव इतकं पडतं की कॅमेऱ्याची बॅग ओली होते, मोठी प्लास्टिकची पिशवी न्या. शेपटी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते, म्हणून संध्याकाळच्या धूमकेतूला वरच्या, पूर्वेकडच्या बाजूला जागा सोडून फ्रेम लावा.

आणि गच्चीवर असा की शेतात, दुसऱ्या रात्रीही फोटो घ्या. भिंग तेच, कृत्तिका फ्रेममध्ये त्याच जागी, वेळ साधारण तीच. दोन्ही फोटो एकमेकांवर ठेवून कृत्तिका जुळवली की धूमकेतू एका बाजूने दुसऱ्या बाजूला उडी मारतो. आमच्या सेक्रेटरी काकांना २०१८ चा वाटाण्याएवढ्या ताऱ्यांचा फोटो आणि नंतर फोकस नीट लावून, चिकटपट्टीसकट काढलेला फोटो असे दोन्ही दाखवले. ‘शेंडेनक्षत्राचा शेंडा कुठाय?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा, उद्या किती वाजता वर येऊ.